खालून येणारं ऊन

ढगाळ दिवशी क्रीम लावायची का, हा प्रश्न गेल्या अकरा वर्षांत मला कितीदा विचारला गेला असेल, देव जाणे. सुरुवातीला मी हौसेने समजावून सांगायचे. ढग उजेड अडवतात, उकाडा थोडा कमी करतात, पण अतिनील किरणांतली बरीचशी तशीच खाली सोडतात, असं सगळं. आता मी नुसतं "हो" म्हणते. आम्ही सावळ्या, आम्हाला कशाला? हो बाई, तुम्हालाही. सावळ्या कातडीत जन्मजात थोडा आडोसा असतो, पण तो विरलेल्या पदराइतकाच. पन्नास नंबरची क्रीम पंचवीसच्या दुप्पट चालते ना? नाही. तीस नंबर शंभरातली सत्त्याण्णव किरणं अडवते, पन्नास नंबर अठ्ठ्याण्णव. आणि तेही सढळ हाताने लावली तर, दर दोन तासांनी परत लावली तर. आपण लावतो त्याच्या निम्मीसुद्धा नाही, आणि सकाळी एकदा लावली की दिवस निभावला असं समजतो. क्रीमने माणूस गोरा होतो का, या प्रश्नाला उत्तर देणं मी सोडूनच दिलं आहे.

मी स्नेहल सरगर. कामगारांच्या कातडीला रोज किती ऊन लागतं ते मोजणाऱ्या प्रकल्पात तंत्रज्ञ होते. माझ्याकडे आटपाडीच्या पुढचा डोंबाळेवस्तीचा माळ होता. मी लहान असताना त्या माळावर मेंढरं चरायची. आता २०४३ साली तिथे नजर जाईल तिथवर सौर पाट्या आहेत. या पाट्या दोन्ही तोंडांनी वीज करतात. वरून पडणारं ऊन तर घेतातच, शिवाय खाली जमिनीवर पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं असतं, त्यावरून उलटून आलेलं ऊन पोटाकडून घेतात. वरची काच पुसायला यंत्रमानव आहेत. खालच्या कापडावरची धूळ, पाला, लेंड्या मात्र त्यांना निघत नाहीत. ते काम साठ बायका करतात, लांब दांड्याच्या झाडूने, वाकून. सगळी अक्कल काचेसाठी खर्च झाली आणि कापड बायकांच्या वाट्याला आलं.

त्या साठ जणींची मुकादम माझी सख्खी बहीण, मालन. मी तिला आक्का म्हणते. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ती पंधराची. लग्न होऊन दोन वर्षांत ती माहेरी परतली आणि मग माझं शिक्षण हाच तिचा संसार झाला. आम्ही दोघी एकाच घरात राहतो.

प्रकल्प आला तेव्हा मोजमापासाठी मनगटी पट्ट्या आल्या होत्या. त्या घामाने सुटायच्या, बादलीत पडायच्या. महिन्याभरात निम्म्या हरवल्या. तेव्हा मला गोंदणाची कल्पना सुचली. पुण्याच्या प्रयोगशाळेत एक शाई तयार झाली होती. तिच्यात धुळीच्या कणाहूनही बारीक कुप्या असतात आणि त्या कुप्यांत एक बिनरंगी द्रव्य. अतिनील किरण पडले की त्या द्रव्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि रंग निळा होत जातो. जितकं ऊन, तितका गडद. अंधारात रातोरात ती जोडणी सुटते आणि सकाळी शाई पुन्हा कोरी होते. ही शाई कातडीत भरली की ती हरवत नाही, निसटत नाही. संध्याकाळी यंत्रासमोर हात धरायचा, यंत्र निळेपणा वाचतं आणि दिवसभराच्या उन्हाची नोंद होते. ठरलेल्या मर्यादेपलीकडे निळं गेलं, की त्या बाईने उरलेला दिवस सावलीत बसायचं आणि अर्धी हजेरी घ्यायची.

साहेबांना वाटलं होतं बायका सुईला घाबरतील. उलट रांग लागली. हातावर तुळस, कुणाला लक्ष्मीची पावलं, कुणाला फूल. कडा नेहमीच्या हिरव्या शाईच्या आणि आतलं पोट या नव्या शाईचं. गोंदण हा मेल्यावर सोबत येणारा एकच दागिना, असं आमच्याकडे मानतात. तो फुकट मिळतोय तर कोण सोडेल? पुण्यात माझं फार कौतुक झालं. लोकांच्या रीतीत विज्ञान कसं बसवावं याचं उदाहरण म्हणून माझा फोटो दाखवत होते. मलाही ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

पहिल्या महिन्यात मात्र गोंदणं भराभर निळी झाली. बायका रोज सावलीत बसायला लागल्या, काम अडलं. खैरनार सर, म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख, फोनवर माझ्यावर बरसले. मग मी क्रीमच्या ट्यूबा मागवल्या आणि सगळ्यांसमोर प्रयोग केला. आक्काच्या हातावरच्या तुळशीच्या अर्ध्या भागाला क्रीम लावली, अर्धी तशीच ठेवली आणि तिला तासभर उन्हात बसवलं. उघडी बाजू निळीशार झाली, क्रीमखालची कोरी राहिली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा," मी म्हणाले, "गोंदण कोरं म्हणजे अंग सुखरूप."

त्यानंतर डोंबाळेवस्तीच्या माळावर एकही गोंदण निळं झालं नाही. आक्का गळ्यातल्या घड्याळात दर दोन तासांचा गजर लावायची आणि सगळ्याजणी क्रीम लावायच्या. चार वर्षं नोंदी अशा कोऱ्या, की आधी अकराला सुटणारी पाळी दोनपर्यंत वाढली, मग चारपर्यंत. भर दुपारी त्या पांढऱ्या कापडावर. पूर्ण हजेरी मिळते म्हणून बायका खूश होत्या. माझ्या नोंदी बघून आणखी सात माळांवर दुपारची पाळी सुरू करायचं घाटत होतं. त्यासाठी माझा चार वर्षांचा अहवाल हवा होता.

अहवालाला लावायला दोन चांगले फोटो असावेत, म्हणून गेल्या माघात मी जुना अतिनील कॅमेरा बाहेर काढला. या कॅमेऱ्यात क्रीम लावलेली कातडी काळी दिसते, कारण क्रीम ती किरणं परत येऊच देत नाही. गोरं होण्यासाठी लावलेली क्रीम पडद्यावर काळी दिसली की बायका हसतात, म्हणून शिकवताना तो बरा पडायचा. सकाळी दहाचा गजर झाला, क्रीम लावून झाली. मी बायकांना ओळीने उभं केलं आणि पडद्यावर बघितलं.

साठही चेहरे उघडे होते. कपाळ, नाक, गाल, मान, कुठे काळ्याचा ठिपका नाही. काळं होतं ते फक्त हातावर, गोंदणाएवढ्या जागेत, चौकोनी, जाड थराचं.

"तोंडाला कुणीच लावली नाही?" मी विचारलं.

"तोंडाला कशाला?" सुरेखाकाकी मोटे म्हणाल्या. टोळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या त्याच. "गोंदणाला लावली की. कवा चुकवलं न्हाई बघ."

"अहो काकी, गोंदणाला लावून काय उपयोग?"

काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. "तूच दावलंस की गं. लावलेलं कोरं ऱ्हायलं, न लावलेलं निळं झालं. गोंदण कोरं म्हंजी अंग सुखरूप, आसं तूच म्हनलीस."

मी म्हणाले होते. शब्दन् शब्द.

"आनि तोंडाला लावली की घामानं डोळ्यात जाती, लई चुरचुरतंय," पूनम म्हणाली. ती टोळीत सगळ्यांत तरणी. "आक्का म्हनल्या, ट्यूब महिनाभर पुरली पायजे. मग जिथं मशीन बघतंय तिथं आधी."

"डोस्क्यावर पदर असतोय की आमच्या," काकींनी वर जोडलं. "ऊन लागंल कुठनं?"

खालून, काकी. गवत शंभरातली दोन-तीन किरणं उलट फेकतं. हे कापड उलट फेकण्यासाठीच विणलेलं आहे. पदर वरून येणाऱ्या उन्हाला आडवा येतो. खालून येणारं ऊन थेट हनुवटीखाली, नाकाच्या पोटाला आणि ओठाला लागतं. मला हे माहीत होतं. पाट्यांना त्या उन्हाची वीज किती मिळते ते मी तोंडपाठ सांगू शकत होते.

मी कॅमेरा आक्काकडे वळवला. तिचा खालचा ओठ पडद्यावर विचित्र दिसत होता. ओठ जिथे संपतो आणि कातडी सुरू होते तिथे रेघ असते. ती रेघ आक्काच्या ओठाला नव्हती. एका बाजूला खवल्यासारखा डाग होता.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी ओठ बोटांनी चाचपला. "किती दिवस झाले?"

"सहा-सात म्हैने," आक्का म्हणाली. "मिश्रीनं सोललंय. लोनी लावतीया."

"आणि तुम्ही कोण?"

"बहीण," मी म्हणाले. पुढचा प्रश्न आलाच, तेव्हा माझं कामही सांगितलं. डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत राहिल्या. आक्का गेले सहा महिने रोज जेवताना तिखट लागतंय म्हणत होती आणि मी लॅपटॉपवरून मान न उचलता "मिश्री सोड म्हणून किती वेळा सांगू?" एवढंच म्हणत होते, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

ओठाचा तुकडा तपासून आला. कर्करोग होता. लवकर सापडला, गाठीत गेलेला नाही, ओठाचा तिसरा हिस्सा काढावा लागेल, जीवाला बहुधा धोका नाही. मिश्रीतल्या तंबाखूचा हात आहेच, पण मिश्री लागते आतून आणि हे सुरू झालंय बाहेरच्या कडेला. ही जागा उन्हाची आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

खैरनार सर वाईट माणूस नाहीत. म्हणूनच त्यांच्याशी बोलणं अवघड गेलं.

"मिश्री लावते ना ती? मग अहवालात मिश्री लिही," ते म्हणाले. "खोटं काहीच नाही त्यात."

"सर, नोंदी चुकीच्या आहेत. चारही वर्षांच्या. आपण क्रीमखालची शाई मोजत होतो, बायकांना लागलेलं ऊन नाही."

"म्हणजे बायकांनी फेरफार केला, असाच अर्थ होतो. करार वाच, स्नेहल. फेरफार सापडला की सबंध टोळी घरी. मुकादमावर गुन्हा. ती मुकादम तुझी बहीण आहे. तू मिश्री लिही, बाकी मी हळूहळू सुधारून घेतो. सगळे वाचतील."

"आणि सात माळांवरची दुपारची पाळी?"

"ती माझ्या हातात नाही," ते म्हणाले.

खरं सांगते, मी एवढी दमले होते, की मिश्री लिहून मोकळं व्हावं असंच वाटत होतं. अकरा वर्षं मी लोकांना सांगत आले, आणि ज्या माळावर सगळ्यांत जास्त सांगितलं तिथेच माझ्या सांगण्याने हे झालं. आणखी एक कागद खरा लिहून काय मोठा उजेड पडणार होता?

संध्याकाळी आक्का भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"मिश्रीच लिव," ती परातीतून मान न काढता म्हणाली. "साठ घरं हायती. पूनमनं आत्ताशी पोरीला शाळंत घातलंय."

"आक्का, गोंदणालाच क्रीम लावायचं तू का सांगितलंस त्यांना?"

"तुला तो सायेब फोनवर बोलत हुता न्हवं, पयल्या म्हैन्यात. तू मोरीत जाऊन रडलीस. मला काय ऐकू येत न्हाई व्हय?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "गोंदणं निळी झाली न्हाईत तर तुझं काम टिकतंय, आमची हजेरी टिकती, आनि अंगबी सुखरूप. तिन्ही गोष्टी एका ट्यूबमदी. वाईट काय केलं मी?"

तिने काहीच वाईट केलं नव्हतं. तिने माझं ऐकलं होतं.

"मी मिश्री लिहिली तर आणखी सात माळांवर बायका अशाच दुपारी वाकतील," मी शेवटी म्हणाले. "त्यांनाही गोंदण असेल. त्यांनाही मीच शिकवायला जाणार आहे."

"त्या बायका माझ्या कोन?" आक्का म्हणाली. मग भाकरी फिरवत राहिली. करपेपर्यंत फिरवली. "लिव काय लिवायचं ते," एवढंच म्हणून ती उठून बाहेर गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल लिहिला. गोंदण कोरं राहणं म्हणजे ऊन न लागणं नव्हे. या माळावरच्या चार वर्षांच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत, त्यांच्या आधारे वाढवलेली पाळी बंद करावी. टोपी, तोंडाला फडकं, ओठाला वेगळं मलम आणि ऊन चढायच्या आत सुट्टी यांना क्रीम हा पर्याय नाही, फक्त जोड आहे. कामगारांनी फेरफार केलेला नाही. त्यांना जे शिकवलं ते त्यांनी चार वर्षं काटेकोर पाळलं. शिकवणारी मी होते आणि शिकवण्यात चूक माझी आहे. खाली सही केली आणि मन बदलायच्या आत पाठवून दिला.

आठवड्यात दुपारची पाळी बंद झाली. सात माळांचं पुढे ढकललं गेलं. टोळी टिकली, अर्ध्या हजेरीवर. आक्काचं मुकादमपण गेलं, गुन्हा झाला नाही. मला दोन ओळींचं पत्र आलं की आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही. पूनम मला बसथांब्यावर दिसली आणि तिने तोंड फिरवलं. सुरेखाकाकी तेवढ्या घरी आल्या, चहा न घेता उंबऱ्यातच बोलल्या.

"खरं लिवलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पन आमच्याबद्दल लिवायच्या आधी आमाला इचारायचं व्हतंस."

तेही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी आम्ही सांगलीला पोचलो. आक्काला हिरवा झगा दिला होता, दागिने काढून माझ्या पिशवीत ठेवले होते. बाकावर बसून वाट बघायची होती. मीच बोलत सुटले. सात माळांचं थांबलं, तिथल्या चारशे बायका वाचल्या. नव्या नियमात पहिली ओळ खालून येणाऱ्या उन्हाची असणार आहे. नोकरी गेली तर गेली, दुसरी बघेन. कुठेतरी मला आशा होती की ती म्हणेल, बरं केलंस पोरी. लहानपणापासून तिच्याकडून तेवढंच ऐकायला मी परीक्षा पास होत आले होते.

आक्काने सगळं ऐकून घेतलं.

"एक इचारू?" ती म्हणाली.

"विचार की."

"चार वर्षं रोज सांजचं माझा हात बघितलास. एक दिस खाडा न्हाई केलास." तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त थकलेली होती. "माझ्या तोंडाकडं कवा बघितलंस?"

मी खाली बघितलं.

"आरं तिच्या, आताबी खालीच बघती," ती म्हणाली. तिने माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड वर केलं, शाळेत पाठवताना वेणी घालायची तेव्हा धरायची तशी. "बघून घे. दुपारनंतर हे आसं ऱ्हानार न्हाई."

मी बघितलं. गळ्यापासून हनुवटीपर्यंत चढत गेलेले तपकिरी डाग होते, नाकपुड्यांच्या खालची कातडी जाड झाली होती, डोळ्यांच्या पांढऱ्यात कोपऱ्याकडून पिवळसर पडदा आत सरकत होता. हे सगळं कुठल्याही दिव्याशिवाय, कॅमेऱ्याशिवाय दिसत होतं. ताटाला ताट लावून जेवताना दिसलं असतं. ओठ मध्ये फाटला होता आणि एका कडेला खपली धरली होती. माझी बहीण सेहेचाळीस वर्षांची होती आणि साठीची दिसत होती. नर्सने दारातून "मालन सरगर" म्हणून हाक मारली, दोनदा मारली, आणि आक्का माझी हनुवटी सोडून उठेपर्यंत मी बघत राहिले.